जुन्या डिरेलरचे सुटे भाग : ओळख, पर्याय आणि खर्च

गिअरच्या जुन्या सायकलीचा मागचा डिरेलर कुरकुरायला लागला की दुकानात बहुधा एकच उत्तर मिळते : "याचे पार्ट आता येत नाहीत, नवीन आरडी टाकून घ्या." आरडी म्हणजे मागचा डिरेलर. साधा नवा आरडी हजार-दीड हजारात येतो, बसतोही, आणि सायकल चालू लागते. पण सायकल १९७०-८० च्या दशकातली प्यूजो, रॅले किंवा एखादी इटालियन रेसर असेल, तर तिच्यावरचा मूळ डिरेलर काढून टाकणे म्हणजे तिची निम्मी ओळख काढून टाकणे. त्यात तो काढलेला डिरेलर बहुतेक वेळा दुकानाच्या भंगाराच्या डब्यात जातो, आणि त्याची किंमत नव्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते.

दुकानदार सांगतो त्यात तथ्य आहे. फ्रान्समधल्या दिजों शहरातली सिम्प्लेक्स कंपनी आज डिरेलर बनवत नाही. ह्युरे कंपनी आधी जर्मन झाक्सकडे गेली आणि झाक्सचा सायकलचा धंदा १९९७ मध्ये स्रॅमने घेतला. जपानची मूळ सनटूर नव्वदच्या दशकात संपली. आज त्या नावाने विकला जाणारा माल वेगळ्या कंपनीचा आहे. कॅम्पान्योलो आणि शिमानो आजही चालू आहेत, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे भाग त्याही बनवत नाहीत. तेव्हा कंपनीकडून भाग मिळणार नाही, हे धरूनच चालायचे.

तरीही डिरेलर उघडून त्याचे भाग कागदावर मांडले की चित्र बदलते. त्यातले बहुतेक भाग हे साधे मेट्रिक हार्डवेअर असते : स्क्रू, वायसर, क्लिप, नट. त्यानंतर येतात पुल्या. त्या बदलता येतात किंवा लेथवर दुरुस्त करता येतात. फक्त त्याच मॉडेलचे, दुसरीकडे कुठेही न मिळणारे असे भाग दोन-तीनच निघतात. पैसे मोजायचे ते एवढ्यासाठीच. आपला बिघाड कोणत्या गटात मोडतो हे कळले, की शंभर रुपयांच्या कामाला दहा हजार जाणार नाहीत.

खालचे सगळे आकडे अंदाजाचे आहेत. स्थानिक दर पुण्या-मुंबईकडचे धरले आहेत आणि परदेशी किमतींसाठी १ डॉलर म्हणजे ९० रुपये असा हिशेब केला आहे. जुन्या मालाची किंमत त्याच्या अवस्थेवर ठरते, त्यामुळे कमी-जास्त होणारच. निर्णय घ्यायला मात्र एवढा अंदाज पुरतो.

आधी नाव-गाव

भाग शोधण्याआधी डिरेलर नेमका कोणता हे ठरले पाहिजे. सायकलीच्या फ्रेमवरून अंदाज बांधू नका. चाळीस-पन्नास वर्षांत डिरेलर एकदा तरी बदललेला असण्याची शक्यता मोठी असते. शिवाय सायकल कंपन्या दुसऱ्याकडून डिरेलर बनवून घेऊन त्यावर आपले नाव घालत. अमेरिकेच्या श्विन कंपनीचे नाव असलेले अनेक डिरेलर प्रत्यक्षात ह्युरेने किंवा शिमानोने बनवलेले आहेत. हे माहीत नसेल तर माणूस "श्विनचे पार्ट" शोधत बसतो, आणि शेजारीच शिमानोचा तोच भाग निम्म्या किमतीत पडून असतो.

रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन डिरेलरची मागची, म्हणजे चाकाकडची बाजू स्वच्छ करा. खुणा तिथेच असतात. गंज काढायचे ॲसिड आणि कॉस्टिक सोडा दोन्ही लांब ठेवा. ॲसिड डेलरिन प्लास्टिक खाते आणि सोडा ॲल्युमिनियम खातो.

शिमानोच्या मालावर दोन इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात. पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. वर्ष १९७६ पासून 'ए' ने सुरू होते, म्हणजे 'डी' हे १९७९. महिना जानेवारीचा 'ए' पासून. 'डी-सी' असेल तर तो डिरेलर मार्च १९७९ चा. सनटूरचीही रीत अशीच आहे, पण वर्षे वेगळी : 'एक्स' म्हणजे १९८१, 'झेड' म्हणजे १९८३, आणि १९८४ ला पुन्हा 'ए'. एकाच 'ए' चा अर्थ शिमानोवर १९७६ आणि सनटूरवर १९८४ असा होतो, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

कॅम्पान्योलोच्या नुओव्हो रेकॉर्डवर, म्हणजे १९६७ मध्ये आलेल्या आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे चाललेल्या त्या प्रसिद्ध ॲल्युमिनियमच्या डिरेलरवर, 'पेटंट' या शब्दापुढे दोन आकडे असतात. '७४' असेल तर तो साधारण १९७४ चा. पेटंट त्या वर्षी मिळाले असा अर्थ काढू नका, ती बनावटीची खूण आहे. साठच्या दशकाच्या शेवटच्या नगांवर नुसताच 'पेटंट' शब्द सापडतो. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नुओव्हो रेकॉर्डचा क्रमांक १०२०/ए आणि सुपर रेकॉर्डचा ४००१ असा आहे. भाग शोधताना नावापेक्षा हे क्रमांक जास्त कामी येतात, कारण विक्रेते नावे चुकीची लिहितात, क्रमांक सहसा नाही.

फ्रेंच डिरेलरवर नाव ठळक असते. काळ्या प्लास्टिकचा सांगाडा दिसला तर तो बहुधा सिम्प्लेक्स प्रेस्टीज. बारीक, हलका, नाजूक दिसणारा ह्युरे म्हणजे ज्युबिली. जड पत्र्याचा असेल तर तो ऑलव्हिट असण्याची शक्यता जास्त. शंका उरली तर जुन्या डिरेलरच्या छायाचित्रांचे 'डिसरेली गिअर्स' आणि सुट्या भागांचे 'व्हेलोबेस' हे दोन संग्रह इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात. ओळख पटवायला त्यांच्याइतकी चांगली सोय दुसरी नाही.

स्क्रू, क्लिप आणि इतर चिल्लर

सर्वांत जास्त हरवतात त्या याच वस्तू, आणि सर्वांत स्वस्तही याच. मर्यादा ठरवणारे दोन स्क्रू, ज्यांना मेकॅनिक 'एच-एल' म्हणतात, केबल दाबून धरणारा बोल्ट, त्याखालचा खाचेचा वायसर, पिनेच्या टोकावरची ई-क्लिप. पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे हे नगावर मिळते : स्टेनलेसचा छोटा स्क्रू ५ ते २० रुपये, ई-क्लिप २ ते १० रुपये. परदेशातून "ओरिजिनल लिमिट स्क्रू" मागवायचे तर टपालासकट दोन-तीन हजार सहज जातात. एखादी सायकल मूळ अवस्थेत प्रदर्शनात ठेवायची असेल तरच तो खर्च समजण्यासारखा आहे.

दुकानात जाताना सोबत दुसरा, शाबूत स्क्रू न्या. एच हरवला असेल तर एल काढून न्या. दोन्ही बहुधा सारखेच असतात. नवा स्क्रू हाताने दोन-तीन आटे सहज आत गेला पाहिजे. तो पान्याने रेटून बसवला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि मग चिल्लर कामाचे मोठे काम होते. मुंबई, कोकण, गोवा या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात आणखी एक काळजी घ्या : ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू कोरडा बसवू नका. दोन धातूंमध्ये ओलावा आणि मीठ शिरले की स्क्रू तिथेच जाम होतो आणि पुढे काढताना तुटतो. चिमूटभर ग्रीस लावले की पुष्कळ वर्षांचा प्रश्न मिटतो.

केबलच्या बाबतीत एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. गिअरची आतली तार सुमारे १.२ मिलिमीटरची असते, ब्रेकची त्याहून जाड. घाईत ब्रेकची तार घालून दिलेली सायकल मी पाहिली आहे. तिचे गिअर कधीच नीट पडत नाहीत. कॅम्पान्योलोच्या शिफ्टरमधली तारेच्या डोक्याची खाच शिमानोपेक्षा किंचित लहान असते, म्हणून बाजारातल्या साध्या तारेचे डोके कानशीने थोडे घासावे लागते. तार ५० ते १२० रुपयांना मिळते. एक अपवाद आहे : शिमानोची पॉझिट्रॉन पद्धत. तिच्यात एकच कडक तार ढकलते आणि ओढतेही, म्हणून तिथे साधी पीळदार तार चालत नाही. हाती पॉझिट्रॉन आला असेल आणि तार गेली असेल, तर तो तसाच ठेवून दुसरा जुना डिरेलर बसवावा, असे मी सांगेन.

पुल्या : इथे वेळ द्या

जुन्या डिरेलरच्या दहा तक्रारींपैकी बहुतेक शेवटी पुल्यांपाशी येऊन थांबतात. केजमधली, म्हणजे पुल्या धरणाऱ्या दोन पत्र्यांच्या चौकटीतली, वरची पुली चेनला एका दातेरीवरून दुसरीवर नेते, खालची चेन ताणून धरते. दात टोकदार झाले, बुश झिजून पुली डुगडुगू लागली किंवा प्लास्टिक चिरले, की गिअर घसरतात आणि दोष बिचाऱ्या डिरेलरवर येतो.

पुली काढून चार मापे घ्या. व्हर्निअर नसेल तर कोणत्याही टर्नरकडे दोन मिनिटांत घेऊन मिळतील. दात किती आहेत (जुन्या पुल्यांना बहुधा १०, आजच्या साध्या पुल्यांना ११), मधल्या भोकाचा किंवा बुशचा आतला व्यास, मध्यभागाची रुंदी म्हणजे दोन्ही केज-पत्र्यांमधले अंतर, आणि दाताची जाडी. दाताची जाडी अशासाठी, की गिअरच्या सायकलीची चेन आतून २.४ मिलिमीटर रुंद असते आणि आपल्या साध्या काळ्या सायकलीची सुमारे ३.२. गिअरच्या चेनला जाड दाताची पुली चालत नाही.

बाजारातली ११ दातांची साधी प्लास्टिक जोडी १५० ते ४०० रुपयांना मिळते. ॲल्युमिनियमची सीलबंद बेअरिंगवाली ५०० ते १,२०० रुपयांना. ११ दातांची पुली १० च्या जागी बसते का, हे केजवर अवलंबून आहे. थोडी मोठी असल्याने ती केजच्या कडेला किंवा चेन अडवणाऱ्या जिभेला घासू शकते. बसवून हाताने फिरवून पाहा. मोकळी फिरली तर ती चालवायला हरकत नाही. रुंदी कमी पडली तर पातळ वायसर भरता येतात. रुंदी जास्त असेल तर मध्यभाग घासून घ्यावा लागतो आणि ते काम लेथवरच नीट होते.

दात चांगले आहेत आणि फक्त बुश झिजला आहे, अशा वेळी नवी पुली घेण्यात अर्थ नाही. गनमेटलचा नवा बुश टर्नरकडून करून घ्या. एका बुशला १५० ते ४०० रुपये पडतात, दोन एकदम केले तर दर उतरतो. टर्नरला एकच गोष्ट नीट समजावून सांगा : बुशची लांबी पुलीच्या मध्यभागाच्या रुंदीपेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर जास्त हवी. केजचा बोल्ट आवळला की दाब बुशवर यायला हवा, पुलीवर नको. नाहीतर बोल्ट घट्ट होताच पुली थांबते. पुली आणि बुश यांच्यातली मोकळीकही फार ठेवू नये, ०.०५ ते ०.१ मिलिमीटर पुरते. आपल्याकडे शहरात, तालुक्याच्या गावीही, असे काम करून देणारा लेथवाला अजून सापडतो. पश्चिमेत याच कामाला किती पैसे पडतात हे पाहिले, की हा आपला केवढा मोठा ठेवा आहे ते कळते.

काही जुन्या पुल्यांमध्ये बुशऐवजी सुटे छर्रे असतात. त्या उघडताना खाली पांढरे फडके अंथरा, छर्रे मोजा, आणि एक जरी खड्डा पडलेला दिसला तरी सगळे बदला. छर्रे किरकोळ किमतीचे असतात. जुने-नवे मिसळले तर मापात फरक पडतो आणि भार फक्त मोठ्यांवर येतो.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या शिमानोमध्ये वरची पुली मुद्दाम थोडी आडवी सरकणारी असते, खटखट पडणाऱ्या गिअरांना ती सावरून घेते. खालची तशी नसते. साफसफाईनंतर या दोन पुल्या उलटसुलट बसवल्या जातात आणि गिअर बिघडले म्हणून गिऱ्हाईक परत येते. काढतानाच फोटो काढून ठेवा. पुलीचे बोल्ट बसवताना आटे पकडून ठेवणारे मध्यम ताकदीचे द्रव्य, निळे लॉकटाइट, एक थेंब लावा. पुलीचा बोल्ट रस्त्यात गळून पडणे ही जुन्या सायकलीची नेहमीची दुर्घटना आहे, आणि नेमका तो बोल्ट शोधणे सगळ्यांत त्रासाचे.

स्प्रिंग, खिळे आणि दुरुस्तीची हद्द

चेन सैल लोंबते म्हणून स्प्रिंग गेली असे लगेच ठरवू नका. जुन्या, सुकलेल्या ग्रीसने सांधे जड झाले की चांगली स्प्रिंगही केजला मागे खेचू शकत नाही. आधी रॉकेलने धुवा, सांध्यांना पातळ तेल द्या, मग पाहा. काही मॉडेलमध्ये स्प्रिंगचे टोक अडकवायला एकापेक्षा जास्त भोके असतात. टोक पुढच्या भोकात घातले की ताण वाढतो. हे फुकटात होते. केज उघडताना मात्र सांभाळा : अडवणारा छोटा स्क्रू काढताच केज झटक्याने फिरते. डोळ्यांना चष्मा हवा.

स्प्रिंग खरोखरच तुटली असेल तर भोसरी-चिंचवडकडच्या स्प्रिंग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत नमुना दाखवून विचारता येते. एक नग करायला सगळेच तयार होत नाहीत. झालाच तर २०० ते ५०० रुपये धरा. नमुन्याचे दोन्ही तुकडे न्या, आणि पीळ उजवा की डावा हे त्यांच्यासमोर दाखवा.

आता हद्द. डिरेलरचा चौकोनी सांगाडा ज्या चार खिळ्यांवर हलतो, ते बहुतेक मॉडेलमध्ये ठोकून कायमचे बसवलेले असतात. ते झिजले तर परवडणारी दुरुस्ती नाही. तपासायचे असे : वरचा भाग एका हाताने घट्ट धरा आणि केज आडवी पिळून पाहा. पुल्यांचा डुगडुगाट वेगळा आणि सांगाड्याचा वेगळा, बोटांना लगेच कळतो. सांगाडाच हलत असेल तर त्यावर नवी पुली, नवी स्प्रिंग, काहीही खर्च करू नका. त्या डिरेलरचे भाग दुसऱ्यासाठी उपयोगी पडतील, एवढेच. जुना डिरेलर विकत घेतानाही पहिली तपासणी हीच असावी. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात हाती लागलेला डिरेलर वरून कितीही चकचकीत असला, तरी आधी पिळून पाहावा आणि मगच भाव करावा.

सिम्प्लेक्स प्रेस्टीजबद्दल स्पष्टच बोलतो. साठच्या दशकात डेलरिन हे नवे, हलके, गंज न लागणारे प्लास्टिक होते आणि सिम्प्लेक्सने त्यातून अख्खा डिरेलर घडवला. कल्पना धाडसी होती, आणि लाखो सायकली त्यावर चालल्या. पण इतक्या वर्षांनंतर ते प्लास्टिक चिरते, विशेषतः पुढच्या डिरेलरच्या पट्ट्यापाशी, जिथे बोल्ट जास्त आवळला जातो. चिरलेले डेलरिन चिकटवून टिकत नाही. त्याला गोंद धरतच नाही. तुकडा बदलण्यापेक्षा अख्खा प्रेस्टीज घेणे स्वस्त पडते : परदेशात वापरलेला १५ ते ४० डॉलरला मिळतो. घेताना विक्रेत्याकडून सांध्यांचे जवळून काढलेले फोटो मागा. "कधीच न वापरलेला, डब्यातला" म्हणून जास्त पैसे देण्याआधी विचार करा. डेलरिन डब्यातही म्हातारे होते.

हँगर : चुकीचा टॅप लावू देऊ नका

डिरेलर फ्रेमला ज्या कानाला लागतो, त्या हँगरचे आटे गेले असतील तर खर्च डिरेलरचा नाही, फ्रेमचा आहे, म्हणून इथे घाई नको. कॅम्पान्योलोच्या हँगरचे आटे १० मिलिमीटर व्यासाचे आणि इंचाला २६ असे असतात. शिमानो आणि सनटूरचे १० मिलिमीटर, १ मिलिमीटर पिचचे. कागदावर वेगळे, पण फरक इतका थोडा की एकाचा डिरेलर दुसऱ्याच्या हँगरला व्यवहारात बसतो. धोका दुसरीकडे आहे. गॅरेजमध्ये आटे पाडायचा '१० चा टॅप' म्हटले की जो हाती येतो तो १.५ पिचचा असतो. तो एकदा फिरवला की हँगर कायमचा बाद. टॅपवर '१०×१' कोरलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, मग काम सुरू करू द्या. नीट टॅप मारून आणि वाकलेला हँगर सरळ करून ४०० ते ९०० रुपये पडावेत.

जुन्या सिम्प्लेक्स हँगरच्या भोकात आटेच नसतात. त्यावर जपानी डिरेलर बसवण्यासाठी तिथे १०×१ चे आटे पाडता येतात, अनेकांनी पाडलेही आहेत. पण ते परत फिरवता येत नाही. सायकल मुळात सिम्प्लेक्सची, फ्रेम चांगली, रंग मूळचा असेल तर ते भोक तसेच राहू द्यावे आणि दुसरा सिम्प्लेक्स शोधावा, असा माझा आग्रह आहे.

बाहेरून मागवायचे तर

हिशेब एकदा पूर्ण करून पाहू. तुमच्या नुओव्हो रेकॉर्डला मूळच्याच पुल्या हव्या आहेत. चांगल्या अवस्थेतली जोडी ४० डॉलर, टपाल २० डॉलर. झाले ६० डॉलर, म्हणजे ५,४०० रुपये. कस्टम्स ड्युटी मालाच्या किमतीवर आणि टपालखर्चावर मिळून लागते. दर बदलत असतात, म्हणून मागवण्याच्या दिवशी तपासावेत. अंदाजपत्रकात या बेरजेच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवली की धक्का बसत नाही. आणखी २,७०० धरले तर जोडी ८,१०० रुपयांना पडते. तेच काम इथे साधी जोडी आणि दोन बुश मिळून सहसा हजाराच्या आत होते.

आता दुसरी बाजू. अख्खा वापरलेला नुओव्हो रेकॉर्ड साधारण ४० ते १२० डॉलरला मिळतो. ७० डॉलर आणि टपाल २५ धरले, तर ८,५५० रुपये. ड्युटीचे ४,२७५ मिळवून १२,८२५. पुल्यांच्या जोडीपेक्षा हे साडेचार-पाच हजारांनी जास्त झाले, पण त्यात पुल्या, त्यांचे बोल्ट, स्प्रिंग, सगळे स्क्रू आणि केज असा पूर्ण संच हाती येतो. एकच भाग हवा असेल तर सुटा घ्या. दोन किंवा जास्त खास भाग हवे असतील तर अख्खा 'डोनर', म्हणजे भाग काढून घेण्यासाठीचा डिरेलर, घेणेच परवडते. सनटूरच्या बाबतीत हा विचारसुद्धा करावा लागत नाही. व्ही मालिकेचे डिरेलर इतक्या मोठ्या संख्येने बनले की अख्खा डिरेलर १५ ते ४० डॉलरला मिळतो. सुटा भाग शोधण्यात वेळ घालवू नका. आणि तो डिरेलर स्वस्त आहे म्हणून कमी दर्जाचा समजू नका. सनटूरने १९६४ मध्ये तिरक्या चौकोनाची जी रचना आणली, ती इतकी सरस होती की १९८४ मध्ये पेटंट संपताच बाकीच्यांनी ती उचलली. आज तुमच्या नव्या सायकलीवर जो डिरेलर आहे, तो बहुधा याच कल्पनेवर चालतो.

ह्युरे ज्युबिली आणि कॅम्पान्योलो सुपर रेकॉर्ड यांचे भाव मात्र चढे आहेत. सुपर रेकॉर्ड १०० ते २५० डॉलरपर्यंत जातो. याचे एक कारण युरोपातल्या जुन्या सायकलींच्या फेऱ्या. इटलीच्या तोस्काना भागात १९९७ पासून भरणाऱ्या लेरोइका या फेरीत मुख्यतः १९८७ पूर्वीच्या सायकली चालतात, आणि त्या चालवायच्या म्हणून लोक मूळचे भाग शोधतात. त्या धर्तीवर इतर देशांतही अशा फेऱ्या सुरू झाल्या, मागणी पसरली. सुपर रेकॉर्ड घेताना त्याचे टायटॅनियमचे बोल्ट नीट पाहा. ते हलके आहेत, पण तुटण्याबद्दल त्यांची ख्याती आहे. रोज चालवायची सायकल असेल तर नुओव्हो रेकॉर्डचा स्टीलचा बोल्ट जास्त भरवशाचा.

विक्रेत्याला "भेटवस्तू" असे लिहून पाठवायला सांगू नका. २०१९ च्या अखेरीपासून भेट म्हणून येणाऱ्या मालावरची सूट राखीसारखे मोजके अपवाद सोडता बंद झाली आहे, आणि खोटे लिहिलेले पार्सल अडकले तर सोडवायचा खर्च भागापेक्षा जास्त होतो. लंडन, न्यू जर्सी किंवा म्युनिकला भाची-पुतण्या असतील तर वस्तू त्यांच्या पत्त्यावर मागवा आणि सुट्टीत येताना आणायला सांगा. तिथले टपाल स्वस्त, आणि एक डिरेलर सामानात कुठेही मावतो. तिकडेच राहणाऱ्या वाचकांना तर जुन्या सायकलींचे बाजार आणि सायकल-सहकारी कार्यशाळांमधले सुट्या भागांचे डबे हाताशी असतात. तिथे एखादा भाग नाममात्र देणगीतही मिळून जातो.

मागवण्याआधी विक्रेत्याकडून तीन फोटो घ्या : मागच्या खुणेचा, पुलीच्या दातांचा बाजूने, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. ते द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

मेकॅनिकशी बोलताना

नुसती उघडून साफसफाई, तेल-ग्रीस आणि जुळवणी एवढ्याला २०० ते ५०० रुपये योग्य आहेत. जुन्या डिरेलरचे काम नव्यापेक्षा जास्त वेळ खाते, म्हणून कोणी थोडे जास्त मागितले तर त्यात गैर काही नाही; वेळ घेऊन काम करणाऱ्याला ते द्यावेत. कामाआधी चेनही मोजा. आतली आणि बाहेरची मिळून एक, अशा बारा कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदलायला आली. झिजलेल्या चेनवर नव्या पुल्या लवकर खराब होतात. सहा ते आठ गिअरची साधी चेन ३५० ते ९०० रुपयांना मिळते आणि जुन्या पाच दातेऱ्यांच्या फ्रीव्हीलवर उत्तम चालते.

सायकल दुकानात ठेवताना दोन गोष्टी कागदावर लिहून द्या. पहिली, कोणताही भाग बदलण्याआधी फोन करायचा. दुसरी, काढलेला प्रत्येक भाग, तुटलेला स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून परत द्यायचा. तुटलेल्या पुलीवरून टर्नर माप घेऊ शकतो, चिरलेल्या प्रेस्टीजच्या पुल्या आणि बोल्ट पुढच्या प्रेस्टीजला लागतात, आणि उद्या सायकल विकायची झाली तर मूळ भागांची ती पिशवी दाखवल्यावर घेणारा त्याचे पैसे वेगळे मोजतो. पिशवीवर मॉडेलचे नाव, खुणेची अक्षरे आणि तारीख लिहून ठेवा.